दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप

दर बुधवारी दुपारी दोन वाजता आठ हॉस्पिटलांतले सतरा डॉक्टर आपापल्या पडद्यासमोर बसत आणि सायकलच्या एका घंटीला घाबरून असत.

घंटी एका लाकडी ठोकळ्यावर स्क्रूने बसवलेली होती. ठोकळ्यामागे ज्या बाई बसत त्यांना तोंडावर सगळे नुसतं 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'घंटीबाई'. त्यांना दोन्ही ठाऊक होतं, आणि दुसरं जास्त आवडत होतं.

काम होतं लहान मुलांच्या कॅन्सरचं आणि रक्ताच्या आजारांचं. अशी मुलं एकेका गावात थोडी, आणि त्यातलं नीट कळणारे डॉक्टर त्याहून थोडे. म्हणून आठ ठिकाणच्या डॉक्टरांनी मिळून ठरवलं होतं की कोणीही एकट्याच्या जिवावर निर्णय घ्यायचा नाही. प्रत्येक मुलाचा एक कागद, कागद मांडायला तीन मिनिटं, मग सगळ्यांनी बोलायचं आणि एकमताने उपचार ठरवायचे. कागद तयार करायचा घंटीबाईंनी. तीन मिनिटं मोजायची तीही त्यांनीच. एका सर्जननी एकदा हात जोडले, "बाई, एवढं वाक्य तरी पुरं करू द्या."

"पुढच्या बुधवारी करा," म्हणून बाईंनी घंटी वाजवली.

त्या आठांपैकी एका हॉस्पिटलात बाई आल्या होत्या तीन महिन्यांच्या बदलीवर, टायपिस्ट म्हणून. त्याला एकतीस वर्षं झाली. शिक्षण इतिहासातलं. इतिहासाचा इथे काय उपयोग, असं पहिल्याच दिवशी कुणी तरी विचारलं होतं. "भांडणं कशावरून सुरू होतात ते कळतं," बाई म्हणाल्या होत्या.

आणि भांडण होतंच. हॉस्पिटला-हॉस्पिटलांत नव्हे, ती बिचारी गुण्यागोविंदाने नांदत होती. भांडण होतं बाईंच्याच इमारतीत, चाळीस पावलांच्या अंतरावर बसणाऱ्या दोघांत.

एक रक्तवाले सर. वॉर्डातली मुलं त्यांची. उंच, घाईचे, जिना एकावेळी दोन पायऱ्यांनी चढणारे, आणि प्रत्येक गोष्ट आपण हातात घेतल्याशिवाय ती धड होणार नाही अशी खात्री असलेले. दुसऱ्या काचवाल्या मॅडम. लॅब त्यांची. बुटक्या, सावकाश, काचपट्टीवरची एकेक पेशी अशा निरखून बघणाऱ्या की भाजीवाल्याने हात टेकावेत. दोघंही आपापल्या कामात तरबेज. आणि दोघांनी अकरा वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोललेला नव्हता.

कारण काय, तर फूटपट्टी.

लॅबमध्ये तेव्हा दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप होता. म्हणजे काच एकच, पण समोरासमोर बसून दोघांना एकाच वेळी बघता येईल असा. आत एक छोटासा हिरवा बाण असतो, तो फिरवून 'ही पेशी बघा' असं दाखवता येतं. मॅडम बाण फिरवून एक पेशी दाखवत होत्या, तेवढ्यात सरांनी काच सरकवली. मॅडमनी काच जागेवर आणली. सरांनी पुन्हा सरकवली. "पेशंट माझा आहे," सर म्हणाले. "पेशंट तुमचा, काच माझी," मॅडम म्हणाल्या. तिसऱ्यांदा सरांचा हात पुढे आला, तेव्हा मॅडमनी टेबलावरची फूटपट्टी उचलून त्यांच्या बोटांवर मारली. हलकीच. पण मारली, आणि ती दोन शिकाऊ डॉक्टरांच्या देखत.

त्या वेळचे अधीक्षक भित्रे होते. त्यांनी दोघांना समोर बसवून समजूत घालायची सोडून वाटणी करून टाकली. बोटातून, शिरेतून काढलेलं रक्त सरांनी तपासायचं. हाडातून सुईने काढलेला मगज, ज्याला सगळे बोन मॅरो म्हणतात, तो मॅडमनी. कोणी कोणाच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. मायक्रोस्कोपवर खोळ चढली आणि तो मोडक्या व्हीलचेअरींच्या खोलीत जाऊन बसला. बुधवारच्या मीटिंगला सर वॉर्डमधून हजर, मॅडम लॅबमधून, दोघंही पडद्यावर, आणि दोघंही फक्त तिसऱ्याशी बोलणार.

पण रोजचं काम काय पडद्यावर होतं? निरोप जायलाच हवेत. ते न्यायला होत्या घंटीबाई.

ही कला त्या सासरी शिकल्या होत्या. त्यांच्या सासूबाई आणि चुलत सासूबाई एकाच स्वयंपाकघरात नऊ वर्षं एकमेकींशी अबोला धरून होत्या, आणि नव्या सुनेला दोघींमध्ये उभं केलं होतं. "तिला म्हणावं, डाव्या हाताने केल्यासारखं केलंयस," असं एकीकडून निघे आणि दुसरीकडे पोचे ते, "सासूबाई म्हणतायत, दमलात वाटतं, जरा बसा." सासूबाई गेल्या तेव्हा सगळ्यात जास्त रडल्या त्या चुलत सासूबाईच. "बोलायची नाही, पण मनाने फार चांगली होती," म्हणाल्या. घंटीबाईंना त्या दिवशी रडू येण्याऐवजी हसू येत होतं, ते त्यांनी पदरात तोंड लपवून निभावलं.

हॉस्पिटलात त्यांनी तोच धंदा पुढे चालवला.

सर म्हणत, "त्यांना सांगा, चष्मा पुसून बघा." बाई चाळीस पावलं चालून जात आणि म्हणत, "मॅडम, सर म्हणतायत तुमच्या नजरेवर भिस्त आहे, एकदा पुन्हा पाहाल का?"

मॅडम म्हणत, "सुई हाडात घालायची असते म्हणावं, चिखलात नाही. काय नमुना पाठवलाय हा!" बाई परत चाळीस पावलं. "सर, मॅडम म्हणतात नमुना थोडा पातळ आलाय. तुमच्या स्वतःच्या हातचा नसावा, तुमचा असा येत नाही."

सर खूश होऊन दुसरा नमुना स्वतः काढत. मॅडम खूश होऊन पुन्हा बघत. मुलांची कामं होत. घरी बाईंचे यजमान हे सगळं ऐकत आणि वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणत, "तू एक दिवस दोन्हीकडून मार खाणार आहेस."

"अहो, अकरा वर्षं झाली."

"मग भरपूर खाशील."

राहिला एक रकाना. प्रत्येक मुलाच्या कागदावर तळाला छापलेलं होतं: 'रक्त व मॅरो दोघांनी एकत्र बसून पाहिले', आणि पुढे दोन सह्यांची जागा. आठही हॉस्पिटलांचा तो नियमच होता, आणि बाकी सात ठिकाणी तो पाळला जाई. इथे बाई कागद आधी सरांकडे नेत, मग मॅडमकडे. दोघंही न वाचता सही ठोकत. कागदावर दोघं अकरा वर्षं शेजारी शेजारी बसलेले होते.

एका सोमवारी वॉर्डात सहा वर्षांची मुलगी आली. पांढरीफटक, अंगात ताप, पायांवर निळसर डाग. दुपारपर्यंत तिचं नाव 'इन्स्पेक्टर' पडलं, कारण गळ्यात कार्ड लटकवलेल्या प्रत्येकाला ती थांबवून कार्ड तपासत होती. रक्तवाल्या सरांच्या कार्डावरचा फोटो बघून तिने विचारलं होतं, "हे तुमचेच केस आहेत का? मग गेले कुठे?"

रक्तातल्या तिन्ही तऱ्हेच्या पेशी घसरलेल्या होत्या. सरांनी रक्त पाहिलं, मॅडमकडे मॅरो गेला. पेशींची नेमकी जात सांगणारी एक मोठी तपासणी असते, पण तिचा नमुना नळीतच गोठला. दुसरा पाठवला, त्याचं उत्तर आठवड्याने येणार. ताप हटत नव्हता आणि थांबायला कोणी तयार नव्हतं. मॅडमचा रिपोर्ट मंगळवारी सकाळी आला: मोठमोठ्या, कोवळ्या पेशी, ब्लड कॅन्सरची दाट शक्यता. बुधवारी मीटिंगने मान डोलावली की गुरुवारी छातीत नळी बसवायची आणि औषधं चालू करायची, असं ठरलं. मुलीच्या आईला सरांनी खोलीत बसवून तेवढं सांगितलंही.

मंगळवारी दुपारी आईला सह्यांसाठी खाली बोलावलं, तेव्हा इन्स्पेक्टरला घंटीबाईंच्या खोलीत बसवलं. खुर्चीत बसून तिने आधी बाईंचं कार्ड तपासलं, मग घंटी.

"आजी, वाजवू?"

"नाही. ही डॉक्टरांसाठी आहे."

"डॉक्टर चुकले की वाजवता?"

"फार बोलले की वाजवते. चुकले तर कोण वाजवणार?" बाई टाइप करत म्हणाल्या. शेजारच्या बशीत दोन बिस्किटं होती, ती त्यांनी पुढे सरकवली. मुलीने एक उचललं, बाईंची नजर फिरल्यासारखी वाटली तसं खिशात टाकलं.

"ए चोरटे. खा ना."

"जीभ चुरचुरते." तिने जीभ बाहेर काढून दाखवली. लालभडक आणि गुळगुळीत, तासून काढल्यासारखी. "हे मांजरीला."

"घरची सोडून हॉस्पिटलची बिस्किटंही मांजरीला?"

मुलगी गप्प झाली. बाईंनी टायपिंग थांबवलं. मूल गप्प झालं की पाणी मुरतंय हे ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही. "असं कर," त्या म्हणाल्या, "तू तुझी एक चोरी सांग, मी माझी सांगते. कोणी कोणाची फोडायची नाही."

"आधी तुम्ही."

"मी लोकांचे निरोप बदलून सांगते."

"का?"

"भांडतील म्हणून. आता तू."

इन्स्पेक्टरने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी दूध पीत नाही. मांजरीला देते. अंडं शेजारच्या कुत्र्याला. आईला वाटतं मी खाते."

"कधीपासून?"

"बालवाडीत होते ना, तेव्हापासून. मी पाव खाते आणि जॅम." मग जरा अभिमानाने, "मांजर इतकी लठ्ठ झालीय, खिडकीत अडकते."

बाई खदखदून हसल्या. मग आई आली, मुलगी गेली, आणि बाई कागद भरायला बसल्या. एका बाजूला सरांचा रक्ताचा रिपोर्ट, दुसऱ्या बाजूला मॅडमचा मॅरोचा. बाई टाइप करताना वाचत नसत, बोटंच वाचत. बोटं सरांच्या रिपोर्टातल्या सातव्या ओळीवर अडली. 'तांबड्या पेशी आकाराने मोठ्या. काही पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला सहा पाकळ्या.'

सहा पाकळ्या म्हणजे काय, हे बाईंना कुणी कधी शिकवलं नव्हतं. पण एकतीस वर्षांत त्यांनी हे शब्द पाच-सहा वेळा टाइप केले होते, आणि प्रत्येक वेळी त्या कागदाच्या शेवटच्या रकान्यात एकच गोष्ट टाइप केली होती: बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं. व्हिटॅमिन. दूध, अंडी, मांस यांतून मिळणारं. कॅन्सरची औषधं नव्हे.

मांजर खिडकीत अडकते.

बाई उठल्या, पाणी प्यायल्या, परत बसल्या. असं कसं होईल? हे दोघंही काही कच्चे नव्हेत. एकाला तरी शंका यायला हवी होती. आणि मग बाईंना आठवलं, शंका आली होती. दोघांनाही आली होती. दोघांनीही ती बोलून दाखवली होती, आज सकाळीच, आणि बाईंकडेच.

सर म्हणाले होते, "त्यांना विचारा, नक्की कॅन्सर दिसतोय की नेहमीसारखं ठोकून दिलंय? माझ्या रक्तात वेगळंच दिसतंय." बाईंनी लॅबमध्ये जाऊन सांगितलं होतं, "सर म्हणतात, तुमच्यावर पूर्ण भरवसा आहे."

आणि मॅडम म्हणाल्या होत्या, "भरवसा राहू दे. त्यांनी रक्तात काय पाहिलं ते धडपणे कळवलं असतं तर मला काही ठरवता आलं असतं. मी 'दाट शक्यता' लिहिलंय, 'नक्की' नाही." बाईंनी वॉर्डात येऊन सांगितलं होतं, "मॅडम म्हणतात, तुमचं रक्ताचं वर्णन नेहमीसारखंच उत्तम."

सर निवांत झाले. मॅरो त्यांचा प्रांत, त्यांना खात्री असेल तर आपण कशाला नाक खुपसा. मॅडमही निवांत झाल्या. रक्त त्यांचा प्रांत, त्यांचा भरवसा असेल तर रक्तही तेच सांगत असणार. दोघांच्या शंका दोन्हीकडून निघाल्या होत्या आणि मधल्या चाळीस पावलांत बाईंनी त्या पाकात बुडवून मारून टाकल्या होत्या.

घंटीबाईंनी की-बोर्ड बाजूला सारला. गुरुवारी त्या पोरीच्या छातीत नळी जाणार होती.

आता सरळ मार्ग होता. सरांकडे जायचं आणि खरं सांगायचं. बाई तशा निघाल्याही. पण अर्ध्या वाटेवर थांबल्या, कारण दोघांनाही त्या ओळखून होत्या. खरं सांगितलं की सर मॅडमवर उखडणार, मॅडम सरांवर, दोघं मिळून बाईंवर, आणि काच तशीच बाजूला पडून राहणार. दोघं एकदा एका काचेवर डोळे लावून बसले पाहिजेत, बस. त्यापुढे बाईंना फाशी दिली तरी चालेल.

त्या वॉर्डात गेल्या. "सर, मॅडम म्हणतात, त्या मुलीचा मॅरो त्यांना सुटत नाहीये. तुमचं मत हवंय. म्हणाल्या, अकरा वर्षांपूर्वी सरांचंच बरोबर होतं."

सर सावकाश उभे राहिले. "असं म्हणाल्या? त्या?"

"माझ्या समोर."

चाळीस पावलं. "मॅडम, सरांना त्या मुलीचं रक्त उमगत नाहीये. म्हणतात, मॅडमनी समजावलं तर बरं होईल. आणि म्हणाले, बोटांवर बसली ती बरोबरच बसली होती."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघायला बाई आणखी अकरा वर्षं थांबल्या असत्या. "उद्या साडेबारा," मॅडम म्हणाल्या.

बुधवारी सकाळी बाईंनी शिपायाच्या मदतीने मोडक्या व्हीलचेअरी हलवल्या, मायक्रोस्कोपवरची खोळ काढली, भिंगं पुसून घेतली, आणि लॅबमध्ये जाऊन फूटपट्टी आपल्या पिशवीत टाकली. साडेबाराला त्या खोलीत सर आले. पाठोपाठ मॅडम. बाईंनी दोघांच्या मागे दार लोटलं आणि आतून दारालाच खुर्ची लावून बसल्या.

दोघंही ऐटीत बसले होते. दोघंही माफी ऐकायला आले होते.

"बोला," सर म्हणाले.

"तुम्ही बोला," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच बोलावलंयत."

"मी? तुम्ही निरोप पाठवलात. माझंच बरोबर होतं म्हणून."

"मी असं म्हणेन? जीभ झडेल माझी. तुम्ही म्हणालात, पट्टी बरोबरच बसली."

"पट्टी बरोबर? तीन दिवस सुजली होती बोटं!"

"हलकी मारली होती!"

मग दोघंही थांबले. दोन माना एकदम दाराकडे वळल्या.

"हो," घंटीबाई म्हणाल्या. "मीच. आणि हे दोनच नव्हेत. अकरा वर्षांत तुम्ही एकमेकांबद्दल जे काही गोड ऐकलंत ते सगळं माझं आहे. तुमचं त्यात काही नाही. काल तुम्हा दोघांनाही शंका होती, ती मी पोचवली नाही. माझं काय करायचं ते अडीचनंतर करा. आत्ता रक्ताची काच लावलीय, शेजारी मॅरोची ठेवलीय, आणि दोनला मीटिंग आहे. ती पोरगी बालवाडीपासून दूध मांजरीला पाजतेय. बघा."

तिची चोरी फोडली, हे बाईंना बोलल्यावर कळलं. पण त्याचा हिशेब नंतर.

मग मॅडमनी डोळे लावले. सरांनीही लावले. हिरवा बाण सरकला.

"सहा पाकळ्या," मॅडम म्हणाल्या.

"हे मी लिहिलं होतं."

"रिपोर्टात सातव्या ओळीत, आणि तो मला कधी आला? पुढे चला. ही बघा. सात आहेत."

"सहा."

"सात. नीट मोजा."

सरांचा हात काचेकडे गेला. मॅडमचा हात टेबलावर पट्टी चाचपू लागला. बाईंनी पिशवी घट्ट धरली. सरांनी हात मागे घेतला. "सरकवू का?" त्यांनी विचारलं. अकरा वर्षांपूर्वी हे दोन शब्द बोलले असते तर अधीक्षकांची आख्खी वाटणी वाचली असती.

"सरकवा. सावकाश."

मग मॅरोची काच लागली. दहा मिनिटं हिरवा बाण फिरत राहिला. "रक्त न बघता नुसतं हे पाहिलं," मॅडम शेवटी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता, "तर मी पुन्हाही तेच लिहीन. पेशी उपाशी आहेत म्हणून वेड्यावाकड्या वाढल्यात. कॅन्सरसारख्या दिसतात. पण तो नसावा."

"नसावा," सर म्हणाले. "मीही काल दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. स्वतः येऊन."

"चाळीस पावलं आहेत," मॅडम म्हणाल्या.

"अडतीस. माझे पाय लांब आहेत."

दोन वाजता मीटिंग भरली. अध्यक्ष होते मोठे सर, दूरच्या मोठ्या हॉस्पिटलातले, वयाने सगळ्यांत ज्येष्ठ. ते कॅमेऱ्याला इतके चिकटून बसत की पडद्यावर फक्त त्यांच्या पांढऱ्या भुवया दिसत. इन्स्पेक्टरचा कागद आला तेव्हा पडद्याच्या एकाच चौकटीत रक्तवाले सर आणि काचवाल्या मॅडम शेजारी शेजारी बघून बाकी सात हॉस्पिटलांतून एकदम खुर्च्या करकरल्या. दोघांनी मिळून मांडलं. आधी रक्त काढून बी-ट्वेल्व्ह तपासायला पाठवायचं, मग इंजेक्शन चालू. तापाची औषधं चालू राहतील. नळी नाही, कॅन्सरची औषधं नाहीत. सहा-सात दिवसांत नव्या तांबड्या पेशी उसळल्या तर निदान पक्कं. नाही उसळल्या तर दुसऱ्या नमुन्याचं उत्तर तोवर येईलच. एका सर्जनने शंका काढली, तिला दोघांनी एकदम उत्तर दिलं, आणि मग त्या उत्तरावरून आपापसात थोडं भांडले. सगळे कबूल झाले.

"बाई," भुवया म्हणाल्या, "तळाचा रकाना आज हाताने भरलाय. 'आज पहिल्यांदाच' असं लिहिलंय. म्हणजे काय?"

घंटीबाई उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं सांगितलं. सासूबाईंपासून नाही, पण वाटणीपासून. सह्यांचं सांगितलं, पाकाचं सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. नोकरीचं काय ते तुम्ही ठरवा," आणि आणखी काही तरी म्हणणार होत्या.

"बाई," मोठे सर म्हणाले, "घंटी वाजवा. तुमची तीन मिनिटं झाली."

बाईंनी घंटी वाजवली आणि मुकाट्याने खाली बसल्या.

शिक्षा तिघांनाही मिळाली. त्या अकरा वर्षांतले चारशे बारा कागद काढायचे, काचा बाहेर आणायच्या, आणि रोज दुपारी सर आणि मॅडमनी त्या एकत्र बसून पुन्हा बघायच्या. काचा शोधून देणार घंटीबाई. बोलायचं थेट. मध्ये बाईंनी तोंड उघडलं तर मोठ्या सरांना कळवायचं.

ते सहा दिवस मात्र बाईंना नीट जेवण गेलं नाही. घरी यजमानांनी वर्तमानपत्रातून मान वर केली, बायकोचा चेहरा बघितला आणि 'मी म्हणालो होतो' हे वाक्य गिळून टाकलं. संसारात इतकी समज त्यांनी क्वचित दाखवली होती.

सातव्या सकाळी रिपोर्ट आला. नव्या तांबड्या पेशी नुसत्या उसळल्या नव्हत्या, त्यांनी दंगा केला होता. दोन दिवसांनी दुसऱ्या नमुन्याचंही उत्तर आलं: कॅन्सर नाही. आईला हे कोणी सांगायचं यावरून सर आणि मॅडममध्ये जुंपली. दोघंही एकदम निघाले आणि वॉर्डाच्या दारात एकमेकांना अडकले. आतून इन्स्पेक्टर म्हणाली, "एकेक करून या. आधी कार्ड दाखवा."

बाई तिच्याकडे गेल्या तेव्हा पोरीने तोंड फिरवलं. "तुम्ही माझी चोरी फोडलीत."

"फोडली. चुकलं माझं."

"आता मला रोज सुई."

"रोज नाही, थोडे दिवस. मग आठवड्याला."

पोरीने बराच विचार केला. "तुमचीही फुटली का?"

"सगळ्यांसमोर."

"मग फिट्टंफाट," इन्स्पेक्टर म्हणाली, आणि खिशातलं त्या दिवशीचं बिस्किट काढून, अर्धं करून, स्वतः खाल्लं. दुसरं अर्धं बाईंना खावं लागलं. त्याला खिशातले धागे चिकटले होते.

चारशे बारापैकी निम्मे कागद आता पाहून झाले आहेत. बहुतेक बरोबर निघाले. एकावर मात्र दोघंही अडले. एका मुलाला सहा आठवडे जास्तीची औषधं गेली होती. तो आता कॉलेजात आहे, धडधाकट, फुटबॉल खेळतो. तरी सरांनी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं, मॅडम शेजारी बसल्या, आणि दोघांनी जे झालं ते तसंच्या तसं सांगितलं. त्या वेळी बाई दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांना कोणी थांबायला सांगितलं नव्हतं.

बाकी रोज दुपारी त्या व्हीलचेअरींच्या खोलीबाहेर काचांचा डबा मांडीवर घेऊन बसतात आणि आतलं ऐकतात.

"चष्मा पुसा जरा."

"सुई हाडात घातली होती की उशीत?"

"आंधळ्यालाही दिसेल हे."

"म्हणूनच तुम्हाला दिसलं."

बाई कपाळाला हात लावतात. हेच किती छान सांगता आलं असतं! पण आत कोणी रागावत नाही. उलट हसण्याचा आवाज येतो, आणि मधूनच फूटपट्टीचा. ती बाईंनी मॅडमना परत केली आहे.

"आई गं! अहो, विचारून सरकवली होती!"

"मी हो म्हटलं नव्हतं."

बाई डब्यातली पुढची काच काढतात, पुसतात, आणि आतलं भांडण संपलं की दार वाजवायचं म्हणून वाट बघत बसतात.